रामोजी राव आणि आपल्या तालुक्याची बातमी

(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. महालातल्या या वाचनालयाच्या गच्चीवरून एके काळी माझी तार गेलेली होती. तुळशीबागेकडून अयाचित मंदिराकडे जाणारी आमची मुख्य लाइन. १९९२ पासून पुढची बावीस वर्षं मी या भागात केबलचा धंदा केला. म्हणून टीव्हीतल्या मोठ्या माणसांकडे मी डिश, मॉड्युलेटर आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या बाजूनेच पाहत आलो. टीव्ही उभा करणाऱ्या एका उद्योजकावर बोला, असं संयोजक म्हणाले, तेव्हा मी क्षणभरही न थांबता रामोजी रावांचं नाव सांगितलं. आजही मला त्यांच्यावरच बोलायचं आहे. मुंबईपासून आठशे किलोमीटर लांब राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या माणसाचा धंदा जितका कळू शकतो तितका मुंबईकरांना कळणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

चेरुकुरी रामोजी राव. जन्म १६ नोव्हेंबर १९३६, आंध्रातल्या कृष्णा जिल्ह्यात, गुडिवाड्याजवळच्या पेदपारुपुडी गावात. शेतकऱ्याचं घर. घरच्यांनी आजोबांचं रामय्या हे नाव ठेवलेलं. ते मुलाला पसंत नव्हतं, म्हणून शाळेतच त्याने स्वतःचं नाव रामोजी राव करून घेतलं. पुढे त्यांनी जे जे उभं केलं, त्यातला हट्ट मला या एका गोष्टीत दिसतो.

धंद्याची सुरुवात झाली ती भिशीने. १९६२ साली हैदराबादेत त्यांनी मार्गदर्शी चिट फंड सुरू केला. चिट फंड म्हणजे आपली भिशीच, फक्त रीतसर नोंदलेली. ठरावीक सभासद, दर महिन्याला ठरावीक हप्ता, जमलेल्या रकमेचा लिलाव. गरजू माणूस कमी रक्कम घ्यायला तयार होतो, उरलेली सगळ्यांत वाटली जाते, चालवणाऱ्याला ठरलेलं कमिशन मिळतं. सोपा धंदा वाटतो, पण भिशी चालवलेल्या इथल्या बायकांना विचारा. कोण हप्ता चुकवेल, कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचं पीक बुडालं, हे ज्याला ठाऊक त्याचीच भिशी चालते. रामोजींची माणसं गावोगाव हेच शिकत होती. नंतर जेव्हा ते पेपरात उतरले, तेव्हा कुठल्या गावात कोणता माणूस भरवशाचा, ही जाण त्यांच्या संस्थेत आधीच मुरलेली होती. छापखान्याचं भांडवल मोजणारे लोक हे भांडवल मोजायला विसरतात.

१९६९ मध्ये त्यांनी शेतकऱ्यांसाठी ‘अन्नदाता’ नावाचं मासिक काढलं. आणि १० ऑगस्ट १९७४ ला विशाखापट्टणमहून ‘ईनाडू’ हे दैनिक.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळी गोष्ट याच वळणावर आहे. तेलुगू पेपरांचं मोठं ठाणं होतं विजयवाडा. राजधानी हैदराबाद. शहाणा माणूस या दोहोंपैकी एक निवडेल. रामोजींनी विशाखापट्टणम निवडलं. विजयवाड्याला छापलेले पेपर त्या शहरात पोहोचेपर्यंत दुपार व्हायची. लाखो वस्तीचं बंदराचं गाव, आणि सकाळच्या चहाबरोबर वाचायला तेलुगू पेपर नाही! रामोजींनी तिथेच छापलं आणि उजाडायच्या आत पेपर दारात टाकला. सुरुवातीला खप जेमतेम काही हजारांचा होता. पण लोकांना सवय लागली. दुपारी आलेला पेपर कितीही थोरामोठ्यांचा असला तरी तो शिळाच.

तुमच्यातल्या पांढऱ्या केसांच्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. मुंबईचा पेपर नागपुरात कधी यायचा, आणि त्यात विदर्भाचं किती असायचं? म्हणूनच १५ डिसेंबर १९७१ ला नागपुरात ‘लोकमत’ दैनिक म्हणून निघालं आणि वाढलं. जवाहरलालजी दर्डांनी इथे जे ओळखलं, तेच तीन वर्षांनी रामोजींनी पूर्व किनाऱ्यावर ओळखलं.

पुढे १९८२ मध्ये एन. टी. रामाराव यांनी तेलुगू देसम काढला. ‘ईनाडू’ त्यांच्यामागे उघडपणे उभा राहिला आणि जानेवारी १९८३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. पेपराने असं एका पक्षाच्या बाजूने उभं राहावं का? मला विचाराल तर राहू नये. पेपर एका पक्षाचा झाला की दुसऱ्या पक्षाच्या माणसाला त्यात आपलं गाव दिसेनासं होतं. रामोजींच्या कामातली ही उणीव मी झाकणार नाही. पण दुसरी बाजूही सांगतो. १९८९ मध्ये त्यांनी प्रत्येक जिल्ह्यासाठी छोट्या आकाराची वेगळी पुरवणी सुरू केली. राज्याचा पेपर बाहेर, आत आपल्या जिल्ह्याचा छोटा पेपर. बसस्टँडवरच्या नळाला पाणी नाही, ही बातमी छापण्याच्या लायकीची ठरली. छोट्या दुकानदाराला परवडेल अशी जाहिरातही मिळू लागली. आज सगळे पेपर हेच करतात.

नेल्लोर जिल्ह्यात दुबगुंटा नावाचं गाव आहे. तिथल्या बाया साक्षरतेच्या वर्गात एक धडा वाचत होत्या. गावच्या दारूविरुद्ध एकत्र आलेल्या बायांचा तो धडा होता. तो वाचून त्यांनी आपल्या गावातलं अरॅकचं, म्हणजे स्वस्त देशी दारूचं, दुकान खरंच बंद पाडलं. १९९२ मध्ये ही आग गावोगाव पसरली, कारण ‘ईनाडू’ रोज या बायांच्या बातम्या जागा राखून छापत होता. एका गावाने काय केलं ते दुसऱ्या गावाला सकाळीच कळत होतं. १९९३ मध्ये अरॅक बंद झाली, १९९५ च्या सुरुवातीला पूर्ण दारूबंदी आली. ती फार टिकली नाही. पण आपल्याकडे गडचिरोलीतही १९९३ मध्येच दारूबंदी झाली. तिथल्या बायांनी किती पायपीट केली होती, ते या सभागृहातल्या काहींनी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यांच्या मोर्च्याच्या बातम्या मुंबईच्या पेपरांत किती ओळींच्या होत्या, तेही त्यांना आठवत असेल.

आता टीव्ही. २७ ऑगस्ट १९९५ ला तेलुगू ई-टीव्ही सुरू झालं. १९९६ मध्ये हैदराबादबाहेर, विजयवाडा रस्त्यावर, रामोजी फिल्म सिटी. तिचं नाव गिनीज बुकात आहे. लोक तिथे बगीचे आणि सेट पाहायला जातात. मला तिथला हिशेब महत्त्वाचा वाटतो. स्टुडिओ एकाच आवारात, संपादनाची यंत्रं तिथेच, उपग्रहाकडे सिग्नल पाठवायची सोय तिथेच. एका भाषेचं चॅनल चालवायला जो खर्च येतो, त्यात थोडी भर टाकली की दुसऱ्या भाषेचं चालतं. मग बंगाली, कन्नड, उर्दू, गुजराती, उडिया, आणि हिंदीत उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश अशी वेगवेगळी चॅनलं. काही वर्षांतच ही संख्या १२ वर गेली. हिंदी भाषा एकच, तरी बिहारला वेगळं आणि राजस्थानला वेगळं चॅनल काढणारा हा माणूस. विशाखापट्टणमचाच धडा पुन्हा गिरवलेला.

९ जुलै २००० ला ई-टीव्ही मराठी आलं. त्याआधी सह्याद्री होतं, वर्षभरापूर्वी अल्फा मराठी आलं होतं. केबलवाल्यापुढे तेव्हा एकच प्रश्न असायचा: बसवू कुठे? कित्येक घरांत गोल बटणाचे जुने टीव्ही होते, ते डझनभर चॅनलच्या पलीकडे जातच नसत. पहिल्या डझनात जागा मिळाली तर चॅनल लोकांपर्यंत पोहोचलं, नाही तर ते आकाशात राहिलं. मी एक गाण्यांचं चॅनल मागे नेलं आणि ७ नंबरवर ई-टीव्ही मराठी लावलं. कॉलेजची मुलं रागावून कंट्रोल रूमवर आली. मी ऐकलं नाही, त्याला कारण होतं.

आमच्या कंट्रोल रूमच्या खाली एका मावशींची खानावळ होती. मावशी मूळच्या सिरोंच्याच्या, गडचिरोली जिल्ह्यातल्या, तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या. घरी तेलुगू, बाजारात मराठी. त्यांचा भाऊ गावाहून यायचा तेव्हा शिदोरी ‘ईनाडू’त गुंडाळलेली असायची. मावशी तो कागद हाताने सरळ करून वाचायच्या, तेलाचा डाग पडलेली ओळसुद्धा. रामोजी रावांचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्या तोंडून. “भाऊ, त्याच्या पेपरात नदीपलीकडच्या गावाईचंबी नाव येते,” त्या म्हणायच्या. ७ नंबर लावून पंधरा दिवस झाले असतील. पावसाळा होता, प्राणहिता भरली होती, सिरोंच्याचा रस्ता तुटला होता. संध्याकाळच्या बातम्यांत सिरोंच्याचं नाव आलं, घाटावरचं चढलेलं पाणी दिसलं. मावशी पोळ्या लाटता लाटता तशाच उठून उभ्या राहिल्या. पिठाचा हात पदराला पुसायचंही भान नव्हतं. तवा जळायला लागला, जेवायला बसलेल्या पोरांपैकी एकाने उठून तो उतरवला. मराठी टीव्हीवर त्यांचं गाव त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं, आणि गाव सोडून त्यांना तीस वर्षं झाली होती.

त्यानंतरच्या वर्षांत विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या गावात जाऊन, घरासमोर उभं राहून दाखवल्या जाऊ लागल्या. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. ते कोण्या एका चॅनलमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पेपरवाले, कार्यकर्ते, शेतकरी संघटना वर्षानुवर्षं ओरडत होते. पण यवतमाळच्या बाईचं रडणं मुंबईच्या घरात तिच्याच बोलीत ऐकू गेलं, ते प्रादेशिक चॅनलांमुळे. आणि ज्याने चॅनल काढण्याच्या कितीतरी वर्षं आधी शेतकऱ्यांचं मासिक काढलं, त्याच्या घरात हे घडलं याचं मला नवल वाटत नाही.

उतरता काळ थोडक्यात सांगतो. २००६ पासून रामोजींच्याच मार्गदर्शी फायनान्सर्स या कंपनीच्या ठेवींवरून वाद आणि कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. पुढे तेलुगू सोडून बाकीची चॅनलं टीव्ही-१८ समूहाकडे द्यायची ठरली. २०१२ मध्ये जाहीर झालेला तो व्यवहार २०१४ मध्ये पुरा झाला, आणि मार्च २०१५ मध्ये ई-टीव्ही मराठीचं कलर्स मराठी झालं. २०१६ मध्ये रामोजींना पद्मविभूषण मिळालं. ८ जून २०२४ ला हैदराबादेत ते गेले, वयाच्या ८७ व्या वर्षी.

एक आठवण सांगून थांबतो. २००२ च्या उन्हाळ्यात मी दक्षिण एक्स्प्रेसने हैदराबादला गेलो होतो, अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला. बल्लारशा सुटलं आणि थोड्याच वेळात स्टेशनांच्या पाट्या तेलुगू झाल्या. एका ओळखीच्या पोराने फिल्म सिटीत नेलं, बातम्यांच्या इमारतीजवळच्या कॅन्टीनमध्ये बसवलं. एका टेबलावर बंगाली, दुसऱ्यावर उडिया. पलीकडून कानावर आलं, “काऊन बे, जेवला का नाही अजून?” वळून पाहिलं तर चार-पाच पोरंपोरी सांबार-भात खात होती. कोणी दर्यापूरचा, कोणी वरोऱ्याचा, एक मुलगी तुमसरची. दिवसभर मराठी बातम्या लिहायच्या आणि रात्री तेलुगू घरमालकाच्या खोलीवर झोपायचं, असं त्यांचं आयुष्य. मी नागपूरचा केबलवाला आहे कळल्यावर ती तुमसरची मुलगी ताट बाजूला सारून जवळ आली.

“काका, नागपुरात आपलं चॅनल साफ दिसते ना? माझी आई भंडाऱ्याहून नागपूरला मामाकडे आली आहे, रोज पाहते म्हणे. महालात राहतो मामा.”

“कुठे महालात?”

तिने गल्ली सांगितली. त्या गल्लीतला अ‍ॅम्प्लिफायर उन्हाने जळला होता. तोच घ्यायला मी आलो होतो.

“उद्या रात्रीपासून दिसेल, बाई,” मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी नागपूर स्टेशनवर उतरलो आणि घरी न जाता आधी त्या खांबावर चढलो.