बंद खोलीतला थिनर

श्रोतेहो, नमस्कार.

श्रावण अर्धा सरला आहे आणि गणपती अवघ्या काही दिवसांवर आले आहेत. घरोघरी आता मखराची तयारी सुरू होईल, चौरंगाला नवा रंग दिला जाईल, देव्हाऱ्याला पॉलिश होईल. ही कामे आपण हौसेने, स्वतःच्या हाताने आणि बहुतेक वेळा रात्रीची जेवणे झाल्यावर घरातल्याच एखाद्या खोलीत करतो. बाहेर पाऊस असतो, म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या असतात. आज मला जे सांगायचे आहे ते या लावलेल्या खिडक्यांविषयी आणि त्यांच्याआड उघडल्या जाणाऱ्या थिनरच्या, म्हणजे रंग पातळ करायच्या द्रवाच्या, डब्याविषयी आहे. मी तीस वर्षे महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले, परंतु या विषयातला माझा पहिला धडा मी वर्गात नव्हे, तर वाईला, आजोळच्या वाड्यात घेतला, आणि तोच आज आपल्याला सविस्तर सांगणार आहे.

ही गोष्ट १९७९ सालच्या श्रावणातली आहे. मी तेव्हा नववीत होते. आमचे मामा शाळेत चित्रकला शिकवत, पण त्यांचा खरा जीव लाकडात होता. वाड्याच्या माडीवर सागवानी झोपाळा होता आणि पितळी कड्या घासून, जुने पॉलिश उतरवून तो गणपतीपूर्वी चकचकीत करायचा, असे त्यांनी मनाशी धरले होते. त्या झोपाळ्याला पूर्वी चपड्याचे, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचे, पॉलिश होते. चपडा स्पिरिटमध्ये भिजत घालायचा, जुन्या धोतराच्या बोळ्याने हात द्यायचा, वाळू द्यायचे आणि पुन्हा हात द्यायचा, असे ते आठ-दहा दिवसांचे काम असे. (मला स्वतःला आजही चपड्याचीच झळाळी आवडते. ती लाकडाच्या आतून येते, वरून चिकटवल्यासारखी दिसत नाही.) पण त्या वर्षी वेळ थोडा होता, म्हणून मामांनी पुण्याहून लवकर वाळणारे लॅकर आणि सोबत दोन लिटर थिनर आणला.

पावसाळी हवेत असे लॅकर लावले की ते पांढरे पडते. थिनर इतक्या झपाट्याने उडतो की लाकडाचा पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि पॉलिशवर धुके साचल्यासारखे दिसते. मामांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी माडीच्या चारही खिडक्या लावल्या, जिन्याचे दार तेवढे अर्धवट लोटून ठेवले आणि मामीची जुनी ॲल्युमिनियमची परात घेऊन तीत थिनर ओतला. त्या परातीकडे आज मागे वळून पाहताना माझ्या अंगावर काटा येतो, कारण अरुंद तोंडाच्या डब्यातून जेवढा थिनर तासाभरात उडतो त्याच्या कितीतरी पट पसरट परातीतून उडतो. बोळे भिजवून मामांच्या हातात देणे, हे माझे काम होते.

सुरुवातीला वास नाकात अक्षरशः टोचत होता. माझ्या डोळ्यांना पाणी आले. मामा म्हणाले, "थांब बाळ, दहा मिनिटांत सवय होईल." आणि खरोखरच सवय झाली. श्रोतेहो, या ठिकाणी मी मुद्दाम थांबते. वास येईनासा झाला, याचा अर्थ हवा स्वच्छ झाली असा नव्हता. आमचे नाक थकले होते, थिनर मात्र क्षणाक्षणाला वाढतच होता.

अर्ध्या-पाऊण तासाने मामा अभंग म्हणू लागले. ते नेहमीच म्हणत, पण त्या दिवशी ते एकाच ओळीवर पुनःपुन्हा येऊ लागले आणि पुढची ओळ त्यांना आठवेना. मला त्याचे हसू आले आणि हसू थांबेना. मग कपाळाच्या दोन्ही बाजू ठणकू लागल्या, हातातला बोळा फार लांब असल्यासारखा दिसू लागला आणि मी भिंतीला टेकून बसले. मामा डब्याचे झाकण लावू पाहत होते. ते झाकण उलट्या दिशेने फिरवत होते, ते का बसत नाही याचे त्यांना नवल वाटत होते आणि तरीही ते उलटेच फिरवत राहिले. ज्या माणसाचा हात कुंचल्याने केसाएवढी रेघ ओढत असे, त्याला फिरकीचे झाकण लावता येत नव्हते. त्यांची जीभही जड झाली होती.

तेवढ्यात वीज गेली. संध्याकाळ झाली होती, दिवेलागणीची वेळ होती आणि मामी हातात रॉकेलची चिमणी घेऊन जिना चढू लागल्या. तिसऱ्या पायरीवर त्यांना तो वास आला. थिनरची वाफ हवेहून जड असते, ती वर न जाता पाण्यासारखी जमिनीलगत पसरते आणि उतार मिळाला की खाली ओघळते. अर्धवट उघड्या दारातून ती जिन्याने खाली येत होती. मामींना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच कळले की हा वास ओळखीचा नाही. त्यांनी तिथेच फुंकर मारून चिमणी विझवली आणि मग मामांना हाक मारली. आधी दिवा विझवला आणि मग हाक मारली, हा क्रम त्या पुढे अनेक वर्षे सांगत. त्या क्रमामुळेच आज मी आपल्याशी बोलते आहे.

वर येऊन त्यांनी अंधारातच चाचपडत मामांची लाकडी मोगरी उचलली, पावसाने फुगलेली खिडकी ठोकून उघडली आणि मला दंडाला धरून ओढतच अंगणात आणले. मामा त्यांच्यामागून भिंतीला धरून उतरले. मी तुळशीजवळ उलटी केली. मामा मात्र अंगण ओलांडताना दोनदा झोकांडले, आणि समोरच्या ओट्यावर बसलेल्या मंडळींपैकी कोणीतरी म्हणाले, "मास्तरांनी आज माळ उतरवलेली दिसते." आमचे मामा माळकरी होते. आयुष्यात त्यांनी दारूला हात लावला नव्हता. पुढे डोकेदुखी दोन दिवसांत थांबली, पण ते वाक्य त्यांच्या मनातून गेले नाही. डॉक्टर आले, त्यांनी मामांच्या सदऱ्याचा वास घेतला, परात पाहिली आणि ओट्यावरच्या मंडळींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितले, "ही नशा दारूची नाही, रंगाच्या औषधाची आहे." त्या डॉक्टरांचे आमच्या घरावर मोठे उपकार आहेत.

डॉक्टरांनी जे सांगितले ते शास्त्रदृष्ट्याही बरोबर होते. थिनरमध्ये टोल्युइन, झायलीन, ॲसिटोन आणि काही अल्कोहोले यांचे मिश्रण असते, आणि ते प्रत्येक डब्यात सारखेच असेल असे नाही. हे द्रव रंग विरघळवतात, तसेच ते चरबीतही सहज मिसळतात, आणि आपल्या मेंदूचा व मज्जातंतूंचा मोठा भाग स्निग्ध पदार्थांचा बनलेला असतो. श्वासाबरोबर फुप्फुसात गेलेली वाफ काही मिनिटांत रक्तातून मेंदूपर्यंत पोहोचते, आणि माणूस आधी उल्हसित, मग गोंधळलेला आणि शेवटी बेशुद्ध होतो. वाईट गोष्ट ही की ज्या बुद्धीने धोका ओळखायचा, तीच बुद्धी आधी मंदावते. म्हणूनच असे काम कधीही एकट्याने करू नये.

परातभर थिनर ही फारच मोठी गोष्ट झाली, असे आपल्याला वाटेल, म्हणून एक हिशेब सांगते. कारखान्यांसाठी केलेल्या १९४८ च्या कायद्यात हवेतल्या टोल्युइनची आठ तासांची सरासरी मर्यादा दर घनमीटरला ३७५ मिलिग्रॅम इतकी ठरवलेली होती. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी आपली साधी खोली घेतली तर तिच्यात सुमारे २८ घनमीटर हवा मावते. त्या बंद खोलीत ही मर्यादा गाठायला जेमतेम १२ मिलिलिटर टोल्युइन उडून जाणे पुरेसे आहे. बारा मिलिलिटर म्हणजे चहाचे अडीच चमचे. पुन्हा सांगते, अडीच चमचे. कारखान्यात हे मोजायला निरीक्षक येऊ शकतो, घरातल्या खोलीत कोणी येत नाही. आणि अलीकडे तर लोक बाल्कन्यासुद्धा काचा लावून बंद करून घेतात, घरात वारा येण्याची जी एक हक्काची जागा होती तीही आपण आपल्या हाताने बुजवतो, याचे मला फार वाईट वाटते.

थिनरखेरीज आणखी दोन-तीन वस्तूंविषयी थोडक्यात सांगते. जुना रंग सोलून काढणाऱ्या काही रिमूव्हरांमध्ये मिथिलीन क्लोराइड असते. ते शरीरात गेल्यावर त्याचे कार्बन मोनॉक्साइड तयार होते, म्हणजे बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवल्यावर जो वायू जीव घेतो तोच वायू आपल्या रक्तात तयार होतो, आणि काम थांबवल्यावरही काही तास तो तयार होत राहतो. हृदयविकार असलेल्यांनी या रिमूव्हरच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. अमेरिकेत २०१९ साली रंग काढण्यासाठी ते सामान्य ग्राहकाला विकण्यावर बंदी घालण्यात आली. चामडे आणि रेक्झिन चिकटवण्याच्या काही सोल्युशनांत हेक्झेन असते. जपानमध्ये १९६० च्या दशकात घरी बसून सपाता चिकटवणाऱ्या कामगारांचे हातपाय याच हेक्झेनमुळे बधिर आणि दुबळे झाले होते. आपल्याकडेही चपलांचे आणि बॅगांचे असे काम घराघरांतून होते, आणि बहुधा तिथेच बाजूला मुले झोपलेली असतात. पेट्रोलने हात किंवा यंत्राचे सुटे भाग धुणे तर सर्वस्वी सोडून द्यावे, कारण पेट्रोलमध्ये बेंझीन असते आणि बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. हाताचा रंग थिनरनेही काढू नये. खोबरेल तेल चोळून मग साबण लावला तर वेळ थोडा अधिक लागतो, पण कातडी शाबूत राहते.

आता मास्कविषयी. करोनाच्या काळात घरात आणलेले एन-९५ मास्क धुळीला अडवतात, वाफेला अडवत नाहीत. मोठे काम असेल तर सेंद्रिय वाफांसाठीची कोळशाची डबी असलेला मास्क लागतो, आणि ती डबीही काही तासांनी निकामी होते. त्यापेक्षा काम अंगणात किंवा गच्चीवर नेणे हा सोपा आणि खात्रीचा उपाय आहे. पाऊस असेल तर उघडीप मिळेपर्यंत थांबावे. घरात करणे अगदीच अटळ असेल, तर समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवाव्यात, देवघरातली समई आणि स्वयंपाकघरातला गॅस आधी बंद करावा, रांगत्या मुलांना आणि गरोदर स्त्रीला त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवावे, आणि थिनर लागेल तेवढाच वाटीत घेऊन डबा लगेच बंद करावा.

उरलेला थिनर किंवा रॉकेल शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये. मुलाने चुकून घोट घेतलाच तर त्याला उलटी करायला लावू नका. पुन्हा सांगते, उलटी करायला लावू नका, कारण उलटीबरोबर तो द्रव फुप्फुसात उतरतो आणि गिळण्याने झाली नसती इतकी हानी तिथे होते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि ती बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

आमच्या झोपाळ्याचे त्या वर्षी अर्धेच पॉलिश झाले आणि तेही शेवटी पांढरे पडले, कारण मामींनी उघडलेल्या खिडकीतून रात्रभर पाऊस आत येत होता. गणपतीत पाहुण्यांनी विचारले, की मामी त्या पांढऱ्या डागांवर हात ठेवून सगळी हकीकत पहिल्यापासून सांगत. दसऱ्यानंतर ऊन पडल्यावर मामांनी कड्या सोडवून फळी अंगणात उतरवली, चपडा भिजत घातला आणि मला हाक मारली.

नमस्कार.