लिस्बनच्या झाडांखालून

नमस्कार श्रोतेहो. आज पायी हिंडायला जाऊ या पोर्तुगालची राजधानी लिस्बनमध्ये. रस्त्याचं नाव आव्हेनिदा द लिबर्दाद. लांबी एक किलोमीटरहून थोडी जास्त, रुंदी 90 मीटर. मधून मोटारी धावतात. त्या धावू देत. आपण त्यांच्या दोन्ही अंगांना चालणाऱ्यांसाठी राखलेल्या रुंद पट्ट्यांवर राहू. तिथे ओळीने मोठी झाडं आहेत, काश्मीरच्या चिनाराच्या कुळातली. बाकं आहेत, पाण्याचे छोटे प्रवाह आहेत, कॉफीच्या टपऱ्या आहेत. महागड्या कपड्यांची दुकानंही आहेत, पण त्यांच्यासाठी एवढ्या लांब कशाला जायचं?

सुरुवात मार्केस द पोम्बाल चौकातून करा. म्हणजे उतार मिळतो. लक्षात ठेवा, वरून खाली चालायचं. पायाखाली हाताने घडवलेले मुठीएवढे दगड असतात, पांढरा चुनखडीचा आणि काळा बेसाल्ट, आणि त्यांतून वेलबुट्टी उमटवलेली असते. वर्षानुवर्षं पावलांनी घासून ते गुळगुळीत झालेत. पाऊस पडला की पाय सटकतो, म्हणून रबरी तळव्याचे बूट हवेतच.

आता मला जी गोष्ट सांगायची आहे ती सांगते. 1 नोव्हेंबर 1755 ला लिस्बनमध्ये महाभयंकर भूकंप झाला. शहर कोसळलं, समुद्र आत शिरला, उरलेलं आगीने खाल्लं. राजाचा मंत्री होता पोम्बाल, ज्याच्या नावाच्या चौकातून आपण निघालो तोच. त्याने शहर पुन्हा उभं करायला घेतलं आणि त्यात लोकांना फिरायला एक बाग आखून घेतली. बाग लोकांसाठी, पण तिच्याभोवती चक्क भिंत! उंच भिंत आणि फाटक. आणि झालं काय? कित्येक वर्षं लोक तिकडे फारसे फिरकलेच नाहीत. बाग तयार, झाडं तयार, सावली तयार, आणि चालणारं माणूस विरळा.

पुढे 1830 च्या दशकात भिंत पाडून लोखंडी जाळीचं कुंपण घातलं. बाहेरून झाडं दिसू लागली, तशी माणसं आत येऊ लागली. राणी मारिया दुसरी हिचा नवरा फर्नांदू तिथे फेरफटका मारायला येई, मग काय, सगळं प्रतिष्ठित लिस्बन संध्याकाळी तिथेच! बँड वाजे, गॅसचे दिवे लागत. पण जाळी होतीच, फाटक होतंच.

मग 1878 मध्ये रोझा आराउजो नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. हे गृहस्थ मूळचे मिठाईवाले, केक-पेस्ट्रीच्या दुकानाचे मालक. त्यांनी ठरवलं, कुंपण काढायचं, बागही काढायची आणि उत्तरेकडे वाढणाऱ्या शहराला मोठा रस्ता द्यायचा. पॅरिसमध्ये शिकून आलेले इंजिनिअर रेसानू गार्सिया हे त्यांच्या जोडीला. लोक हळहळले. लाडकी बाग जाणार म्हणून विरोधही झाला. तरी 1879 मध्ये काम सुरू झालं आणि 1886 मध्ये बागेच्या जागी आपला हा रस्ता खुला झाला. मला त्या हळहळणाऱ्यांचं दुःख कळतं. जुनी झाडं गेली की माझाही जीव तुटतो. पण जी सावली फाटकाआड होती, ती आज रात्री-बेरात्री, कुणालाही, फुकट मिळते. त्या मिठाईवाल्याचा अर्धपुतळा याच रस्त्यावर आहे. जाल तेव्हा क्षणभर थांबा त्याच्यापाशी.

इथे एक बोलून घेते. आपल्याकडे कितीतरी सार्वजनिक बागा भर दुपारी कुलूपबंद असतात. सावलीची खरी गरज दुपारीच ना? रिक्षावाले, सामान पोचवणारी मुलं, उन्हातून आलेल्या म्हाताऱ्या बायका, यांनी टेकायचं कुठे? आणि फुटपाथवरच्या झाडाच्या बुंध्याला गच्च चिकटवून सिमेंट ओततात, तेही थांबायला हवं. मुळांना पाणी मिळणार कुठून?

असो. तर चालत चालत आपण खाली येतो. वाटेत तेजू आणि दोरू या दोन नद्यांचे पुतळे दिसतील. ते त्या जुन्या बागेतलेच, जपून ठेवलेले. रस्ता संपतो तिथे रेस्तावरादोरेश चौकात उंच दगडी स्तंभ आहे. 1640 मध्ये पोर्तुगाल स्पेनच्या राजाच्या अमलातून सुटला, त्याची ही आठवण. आधीची साठ वर्षं आपला गोवाही त्याच स्पॅनिश राजांच्या ताब्यात होता, ही गोष्ट आपल्या शाळेत कुणी सांगत नाही. सांगायला हवी.

पाय दुखत नसतील तर आणखी थोडं पुढे, रोसियो चौकापर्यंत जा. तिथे काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटा आहेत, 1849 मध्ये पुऱ्या झालेल्या नक्षीच्या. जमीन सपाट असते, तरी चालताना वरखाली होतेय असं वाटतं. मुलांना सोबत न्या, त्यांना तिथून हलवणं कठीण जाईल.