आधी वाळू, मग मासे

[दृश्य : वाळूत तोंड खुपसलेला कोरिडोरस, अगदी जवळून]

हा मासा वाळू खात नाहीये. नीट बघा. तोंडाने घेतोय आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतोय. अधेमधे खाण्याजोगं काही सापडलं तर तेवढं पोटात. दिवसभर हाच उद्योग. ओठांजवळच्या त्या मिशांनी तो चाचपतो आणि चवही घेतो. दुकानातल्या निळ्या-गुलाबी खड्यांवर त्याला हे जमत नाही. खडा तोंडात मावायला तर हवा!

म्हणून या घरात टाकीची सुरुवात वाळूपासून झाली. पुणे, सिंहगड रोड, सातवा मजला.

[दृश्य : गॅलरी, बादल्या, बशीतली वाळू]

बांधकामावर सहज मिळते ती हल्ली बहुतेक क्रश सँड, म्हणजे यंत्रात फोडलेला काळा दगड. कणाला धार असते, मिशांना खरचटतं. समुद्रावरची वाळू फुकट, पण तिच्यात शिंपल्यांचा चुरा. व्हिनेगरचे चार थेंब टाकू... फसफसलं? हा चुना. पाण्यात हळूहळू उतरतो आणि पाणी जड करतो. नदीची वाळू गोल, गुळगुळीत, सगळ्यांत देखणी. पण उपसा करून करून नद्यांची जी दशा झालीय, ती बघता नकोच.

शेवटी आली ती पाणी गाळायच्या फिल्टरमध्ये घालतात ती सिलिका वाळू. आपल्याकडे सिंधुदुर्गात, कासार्डे भागात तिच्या खाणी आहेत. खाण म्हटली की तिचेही प्रश्न आलेच, पण तो आजचा विषय नाही.

आता धुणं. पहिल्या बादलीचं पाणी चहासारखं. पाचवीचं ताकासारखं. हात घालून ढवळायचं, गढूळ पाणी ओतायचं, पुन्हा नळ. बाराव्या बादलीला तळ दिसला.

[दृश्य : रिकाम्या टाकीत पडणारी वाळू]

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दोन इंच थराला तीस किलोच्या आसपास वाळू लागली. काच, पाणी, वाळू मिळून वजन दोनशे किलोंच्या वर जातं, म्हणून लोखंडी स्टँड आणि तोही भिंतीलगत. वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर पाणी सोडायचं, म्हणजे खड्डा पडत नाही.

मागे व्हॅलिस्नेरियाची लांब पाती. पुढे क्रिप्टोकोरिन, याची काही भावंडं सह्याद्रीतल्या ओढ्यांच्या काठी रानात वाढतात. नुसत्या वाळूत खायला काहीच नसतं, म्हणून मुळांशी खताची गोळी खुपसायची. क्रिप्टोकोरिनची पानं सुरुवातीला विरघळली तर उपटू नका, मुळं जिवंत असतात. अनुबियास मात्र वाळूत पुरायचा नाही, लाकडाला दोऱ्याने बांधायचा. त्याचं आडवं खोड गाडलं की कुजतं.

पुढचे पाच आठवडे आम्ही कॅमेरा लावला नाही. टाकीतल्या घाणीतून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं बरंच सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू वाढतात ते याच दिवसांत, आणि ते काही चित्रात येत नाहीत. याआधीच्या टाकीच्या वेळी एवढा धीर धरला नव्हता. चार मासे गेले.

[दृश्य : पिशवीतून टाकीत उतरणारे सहा मासे]

मनात खरं तर झेब्रा लोच होता. पिवळ्या अंगावर काळे पट्टे, आपल्याच कृष्णा खोऱ्यातला. पण तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत संकटग्रस्त आहे आणि बाजारात येतो तो बराचसा ओढ्यांतून पकडलेला. तो तिथेच राहू दे. त्याऐवजी सहा कोरिडोरस. मूळचे दक्षिण अमेरिकेचे, पण हे चेन्नईच्या कोळत्तूरला हौदात वाढलेले. एकटादुकटा आणू नका, घोळक्यात असले तरच मोकळे वागतात. आणि काच साफ करायला म्हणून सकर मासा तर नकोच. तो फूटभर वाढतो, मग लोक नेऊन पाण्यात सोडतात. उजनीच्या जाळ्यांत आता तोही येतो.

[दृश्य : एक मासा झपकन वर जातो]

हा वर गेला, हवेचा घोट घेतला. आतड्यातूनही श्वास घेता येतो यांना.

खाली आला. पुन्हा वाळू.