दीडशे मीटरची वायर

[दृश्य: बेळगावजवळच्या येळ्ळूरचं शिवार, सकाळ. मागे राजहंसगड. विहिरीवरच्या पत्र्याच्या खोपीतून मोटर घुमल्याचा आवाज.]

शिवारात भाताची कापणी उरकली आहे. काकांच्या वाफ्यात कोबीची रोपं लावून चार दिवस झाले, आणि नेमकी आताच मोटर रुसली. बटण दाबलं की हूंऽऽ करते, फिरत नाही. "कंडेन्सर गेला असंल," असं जो तो म्हणतो. कंडेन्सर म्हणजे मोटरला सुरू होताना जोर देणारा डबा. या हंगामात दोन कंडेन्सर बदलून झाले.

वडगावहून मिस्त्री आले. यंत्रमागांच्या मोटरी दुरुस्त करण्यात त्यांची निम्मी हयात गेलेली. त्यांनी मोटरला हात लावलाच नाही. काकूंना म्हणाले, "वहिनी, पाणी तापवायचा रॉड हाय का घरात? द्या की जरा."

[दृश्य: विहिरीपाशी बादली, तिच्यात बुडालेला रॉड. करंट मोजणाऱ्या टाँग टेस्टरचा जबडा एकाच वायरीभोवती मिटतो. आकडा स्थिरावतो.]

मोटर सोडून रॉड कशाला? मोटरमध्ये तांब्याची वेटोळी असतात. तिथं व्होल्टेज आणि करंट एका ठेक्यात चढत-उतरत नाहीत, म्हणून दोन आकड्यांचा नुसता गुणाकार केला तर वॅट खऱ्यापेक्षा जास्त दिसतात. रॉडचं तसं नाही. त्याची तार फक्त तापते, त्यामुळे त्याचा हिशोब सरळ येतो.

रॉड चालू असताना घरातल्या बोर्डावर 220 व्होल्ट. विहिरीवर 200. करंट 5.6 ॲम्पियर.

मिस्त्रींनी खिशातली पेन्सिल काढली. व्होल्टेजला करंटनं भागलं की रोध, म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा, मिळतो; गुणलं की वॅट. 200 भागिले 5.6, म्हणजे रॉडचा रोध साधारण 35.7 ओहम. 200 गुणिले 5.6, म्हणजे 1120 वॅट. रॉडवर 1500 छापलंय, पण ते 230 व्होल्टला. व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी होतो, आणि वॅट दोन्हीकडून मार खातात.

मग हरवलेले 20 व्होल्ट गेले कुठं? वायरीत. तोच करंट वायरीतूनही जातोय. 20 भागिले 5.6, साधारण 3.6 ओहम. 20 गुणिले 5.6, 112 वॅट. एवढी वीज काकांच्या बांधाखालची माती तापवण्यात चालली होती.

[दृश्य: केबलचं कापलेलं टोक, बोटांमध्ये तांब्याच्या तारा.]

इथं जर्मनीतल्या एका शाळामास्तरांची आठवण काढलीच पाहिजे. गेओर्ग ओहम, कुलुपं करणाऱ्या कारागिराचा मुलगा. सारख्या जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून त्यांनी करंट मोजला. त्या काळच्या बॅटरीचा जोर टिकत नसे, म्हणून त्यांनी तांबं आणि बिस्मथ यांचा जोड घेतला. त्याचं एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात; या फरकातूनच एकसारखी वीज मिळे. 1827 साली नियम छापून आला. तार लांब तर रोध जास्त, जाड तर कमी. काकांच्या बांधावरही तेच.

घर ते विहीर दीडशे मीटर. करंट जातो तसा परतही येतो, म्हणजे तीनशे मीटर तार. अडीच एमएमच्या (म्हणजे अडीच चौरस मिलीमीटर छेदाच्या) तांब्याला एका किलोमीटरला सुमारे 7.4 ओहम रोध असतो, तेव्हा तीनशे मीटरला 2.2 यायला हवा. मोजलेला 3.6. वरचे 1.4 ओहम कुठून आले?

"काका, वायर मधी कुठं तुटलेली काय?"

काका थबकले. दोन वर्षांपूर्वी नांगराचा फाळ लागला होता. तारा हातानंच पिळून वर टेप गुंडाळली होती.

[दृश्य: कुदळीनं माती बाजूला होते. टेप विरघळलेली, आत तांब्यावर हिरवा गंज.]

बोटाएवढा सांधा. रॉडच्या 5.6 ॲम्पियरला त्यात 44 वॅट उष्णता. मोटरचा चालू करंट 7 ॲम्पियर. तेव्हा जवळजवळ 69, कारण उष्णता करंटाच्या वर्गानं वाढते. आणि सुरू होताना मोटर चालू करंटाच्या पाच-सहा पट ओढू बघते. त्या क्षणी वाटेतच इतके व्होल्ट गळतात की मोटरला फिरायला जोर उरत नाही. ती घुमते, तापते. तशीच ठेवली तर वाइंडिंग, म्हणजे आतली वेटोळी, जळतं. कंडेन्सरचा काही दोष नव्हता.

हे मोजमाप चालू विजेवरचं आहे. ते जाणत्या वायरमननंच करावं. रॉड चालू असताना बादलीतल्या पाण्याला हात लावू नये.

मेन बंद करून सांधा कापला, तारा घासून लख्ख केल्या, स्लीव्ह (जोडाची धातूची नळी) दाबून बसवली, वरून पाणी न शिरणारं आवरण. पुन्हा रॉड लावला. घरी 220, विहिरीवर 207, करंट 5.8. वाटेत 13 व्होल्ट. 13 भागिले 5.8, साधारण 2.2 ओहम.

[दृश्य: मोटर सुरू होते. पाईपमधून आधी हवा, मग पाणी.]

मिस्त्रींनी खोपीच्या दाराआड पेन्सिलीनं तारीख लिहिली आणि खाली आकडे मांडले: 220, 207, 5.8. "पुढच्या साली मोटर घुमली तर आधी हे बघा," काकांना म्हणाले.

[दृश्य: कोबीच्या सरीतून पाणी पुढं सरकतं.]