वायरीच्या शेवटच्या टोकाला

(दृश्य: दाराच्या चौकटीवरची पांढरी प्लास्टिकची डबी, अगदी जवळून. आवाज फक्त स्क्रूड्रायव्हरचा.)

ही डबी काडेपेटीपेक्षा लहान आहे. झाकण निघालं. आत दोन स्क्रू, दोन वायरी आणि त्यांच्यामध्ये एक इवलासा तुकडा, अंगावर रंगीत पट्टे ओढलेला. हिरवा, निळा, तांबडा. म्हणजे ५६०० ओहमचा रेझिस्टर, विजेला ठरावीक अडथळा करणारा भाग. अख्ख्या बर्गलर अलार्ममधली ही सगळ्यात स्वस्त वस्तू. पण तुमच्या घरात अलार्म बसवून गेलेला माणूस कसा होता, हे ती सायरनपेक्षा नेमकं सांगते.

कसं ते बघू. पॅनेल, म्हणजे अलार्मची मुख्य पेटी, या वायरीतून सतत थोडासा करंट सोडत असतं आणि किती अडथळा येतो ते मोजत असतं. ५६०० दिसले, सगळं ठीक. दार उघडलं, सर्किट तुटलं, सायरन. आणि कोणी मध्येच वायर सोलून दोन्ही तारा एकमेकींना चिकटवल्या तर? अडथळा शून्यावर येतो आणि पॅनेलला लबाडी कळते. अट एकच. रेझिस्टर वायरीच्या शेवटी हवा, इथे, या डबीत.

(दृश्य: भिंतीवरची पॅनेलची पेटी उघडते. टर्मिनलच्या रांगेत ओळीने आठ रेझिस्टर.)

घाईतला माणूस मात्र हे असं करतो. आठ ठिकाणी शिडी कोण लावणार? म्हणून सगळे रेझिस्टर पेटीतच. कीपॅडवर हिरवा दिवा लागतो. दार उघडलं की सायरनही वाजतो. तुम्ही खूश, तोही खूश. पण आता त्या वायरीच्या दोन तारा मध्ये कुठेही एकमेकींना चिकटवल्या, की पॅनेलला पेटीतलेच ५६०० दिसत राहतात. पलीकडचं दार सताड उघडं असलं तरी.

तसा हा लपंडाव जुनाच. अमेरिकेत ऑगस्टस रसेल पोप यांनी १८५३ मध्ये विजेवर चालणाऱ्या अलार्मचं पेटंट घेतलं, आणि १८५७ मध्ये एडविन होम्स यांनी त्याचे हक्क विकत घेऊन त्यावर धंदा उभा केला. पोप यांच्या रचनेत दार उघडलं की सर्किट जोडलं जाई आणि घंटा वाजे. म्हणजे वायर आधीच कापून ठेवली की घंटा गप्प! आजचं सर्किट उलट चालतं, तुटलं की बोंबलतं. चोराची एक वाट बंद झाली, दुसरी तो रेझिस्टर बंद करतो. आणि तो नेमका कुठे बसला, हे बसवणाऱ्याशिवाय कोणालाच माहीत नसतं.

(दृश्य: घराबाहेरून फिरणारा एक टेक्निशियन. हातात वही, अजून एकही यंत्र नाही.)

म्हणूनच माणूस निवडायचा तो त्याच्या पहिल्या फेरीत. फोनवरच आकडा सांगून मोकळा होणारा मला तरी नको. ज्याने घर पाहिलंच नाही, त्याने कशाचा हिशेब केला? चांगला इन्स्टॉलर आधी बाहेरून चक्कर मारतो, चोर मारेल तशी. खिडक्यांच्या कड्या हलवून बघतो. मग आत येऊन विचारतो, आणि त्याचे प्रश्न यंत्राबद्दलचे नसतात. रात्री पाणी प्यायला कोण उठतं? मांजर आहे? कपाटावर चढते का? मागच्या दाराची किल्ली अजून कोणाकडे असते?

मांजराचा प्रश्न कशाला, तर या सेन्सरसाठी.

(दृश्य: खोलीच्या कोपऱ्यातला मोशन सेन्सर. त्याच्या दुधी लेन्सवरच्या बारीक चौकटी.)

याला म्हणतात पीआयआर, म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड. हा स्वतः काही सोडत नाही, फक्त पाहतो. माणसाच्या अंगातून उष्णतेच्या लहरी निघत असतात, साधारण ८ ते १४ मायक्रोमीटरच्या पट्ट्यात. लेन्सवरच्या चौकटी खोलीचे पंख्यासारखे पट्टे पाडतात आणि ऊब एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेली की सेन्सर जागा होतो. म्हणून आडवं चालणारा त्याला पटकन सापडतो आणि सरळ त्याच्याच रोखाने येणारा उशिरा. दारासमोरच्या भिंतीवर मधोमध तो बसवला की दिसायला छान दिसतो. पण दारातून येणारा थेट त्याच्याकडेच चालत येतो, म्हणजे त्याला सगळ्यात कमी दिसतो. कोपरा बरा. उंची बहुतेक सेन्सरना दोन-सव्वादोन मीटर लागते, नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. समोर हीटर, एसीचा झोत किंवा दुपारचं थेट ऊन नको. आणि खिडकीच्या काचेतून या लहरी पलीकडे जात नाहीत, तेव्हा ‘आत बसून अंगणावर नजर ठेवेल’ म्हणणाऱ्याला नमस्कार करावा.

हे सगळं तुम्हाला पाठ असायला हवं असं नाही. भिंतीवर पेन्सिलची खूण झाली की विचारायचं, ‘इथेच का?’ जाणकाराकडे कारण असतं, तेही त्या खोलीतलं. दुसरा म्हणतो, ‘आम्ही सगळीकडे असंच लावतो.’

आता कागदपत्रं. लायसन्सचे नियम देशागणिक बदलतात. काही ठिकाणी लायसन्सशिवाय या कामाला हात लावता येत नाही, काही ठिकाणी शिडी असलेला कोणीही इन्स्टॉलर होतो. लायसन्स असेल तर नंबर घ्या आणि जे कार्यालय ते देतं त्यांच्याच नोंदीत स्वतः तपासा. कार्डावरचा फोटो पाहून समाधान मानू नका. त्याहून महत्त्वाचं, प्रत्यक्ष काम करायला कोण येणार? सही एका कंपनीची आणि ड्रिल मशीन हातात घेऊन दारात भलताच कोणी, हे या धंद्यात सर्रास चालतं. युरोपात ‘ईएन ५०१३१’ या मानकात अलार्मचे १ ते ४ असे ग्रेड आहेत. तिथला ग्राहक ग्रेड विचारतोच, पण पुढचं सहसा विचारत नाही. अख्ख्या यंत्रणेचा ग्रेड तिच्यातल्या सगळ्यात हलक्या भागावर ठरतो. ग्रेड ३ च्या पॅनेलला ग्रेड १ चा सेन्सर जोडला की हाती राहतो ग्रेड १.

(दृश्य: पेटीच्या तळाशी काळी, चौकोनी बॅटरी. कडेने फुगलेली.)

ही माझ्या घरची. एकदा वीज गेली आणि तासाभरात कीपॅड विझला. पेटी उघडली तर बॅटरी अशी पोट फुगवून बसलेली, आणि ती कधी बसवली याची तारीख कुठेच नाही. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी. यंत्रणा ३०० मिलिअँपिअर खात असेल तर कागदावर तेवीसेक तास चालायला हवी, सायरन वाजला की त्याहून कमी. अशी बॅटरी तीन ते पाच वर्षांत म्हातारी होते. ज्यांनी बसवली त्यांना फोन केला, तर नंबर बंद. दुसरा टेक्निशियन बोलावला. त्याने इन्स्टॉलर कोड विचारला. तो होता त्या बंद नंबरवाल्यांकडे.

इन्स्टॉलर कोड म्हणजे रोजच्या चालू-बंदच्या कोडहून वेगळा, यंत्रणेची सगळी सेटिंग उघडणारा. बऱ्याच पॅनेलमध्ये कारखान्यातून येताना तो ठरलेला असतो, आणि तो आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत छापलेला असतो. इंटरनेटवर कोणीही वाचावा. बसवणाऱ्याने तो बदलला का, हे विचाराच. काही पॅनेल तर अशी कुलूपबंद करता येतात की दुसऱ्या टेक्निशियनला ती पुसून नव्याने सुरूही करता येत नाहीत. म्हणून सही करण्याआधीच विचारायचं. उद्या मी तुमच्याकडची सेवा सोडली तर हे कुलूप काढून द्याल का? हो म्हणाले, तर कोटेशनवर लिहून घ्यायचं. त्याच कागदावर प्रत्येक सेन्सरचं मॉडेल, जागा आणि कोणती वायर कुठून गेली त्याचं रेखाटन.

(दृश्य: काम संपलंय. टेक्निशियन आणि घरातली आजी.)

आता वॉक टेस्ट. तो स्वतः चालत नाही, आजींना चालायला सांगतो. ‘आजी, तुम्ही चालता तशाच चाला, मुद्दाम पाय आपटू नका.’ प्रत्येक खोलीत सेन्सरचा लाल दिवा लुकलुकतो. एका खोलीत नाही लुकलुकत. काही न बोलता तो शिडी परत आणतो आणि सेन्सर थोडा वळवतो. मग मेन स्विच बंद. कीपॅड चालूच. इंटरनेटची वायर उपसतो, तरी निरोप पोचतो, सिमकार्डावरून. बॅटरीवर मार्करने आजची तारीख घालतो आणि कोणीही न सांगता दाराची डबी उघडून आतला रेझिस्टर दाखवतो.

‘आता तुमचा कोड टाका, आजी.’ असं म्हणून तो पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत उभा राहतो. मागे चार बटणं वाजतात. मग थोडा वेळ थांबून, तीच चार पुन्हा.