पतसंस्थेतलं अमूर्त

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय आणि मित्रहो,

पत्रिकेत विषय छापलाय, 'अमूर्त चित्रकला रसग्रहणास पात्र आहे काय?' मी दिलेला विषय होता 'अमूर्त चित्र कसं बघावं'. पण शेवटी प्रश्नचिन्ह असलं की माणसं येतात, असा कार्यवाहांचा अनुभव आहे. तुम्ही आलात, म्हणजे त्यांचंच खरं. 'रसग्रहण' म्हटलं की मला मराठीचा पेपर आठवतो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. या तीन खुंट्यांवर कुठलीही कविता टांगता येते. असल्या चित्रांना खुंटीच सापडत नाही, म्हणून लोक चिडतात.

मी बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंट्री-इंटरमिजिएटला शेकडो पोरं बसवली. स्थिरचित्रातला तांब्या तांब्यासारखाच आला पाहिजे आणि स्मरणचित्रातल्या बसस्टॉपवर माणसं उभी पाहिजेत, नाहीतर ग्रेड जाते. तेव्हा 'हे कशाचं चित्र?' असं विचारणारी गावातली निम्मी माणसं मीच तयार केलेली आहेत. दोघं-तिघं पुढच्या रांगेत दिसतायत. (हशा)

आता मूळ मुद्द्याआधी एक किस्सा. काहींनी तो ऐकलाय, त्यांनी पुन्हा ऐकावा.

आपल्या गावातल्या एका पतसंस्थेनं नवी इमारत बांधली. नाव घेत नाही, माझी ठेव तिथंच आहे. संचालक म्हणाले, सर, दर्शनी भिंतीला तुमचं एक चित्र द्या. पैशाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. चार बाय तीन फुटांचा कॅनव्हास घेतला. वर राखाडी, त्याखाली गेरू, आणि उजवीकडे खाली हळदीच्या पाण्यासारखा पातळ पिवळा, आतून वर येणारा. एक थर द्यायचा, वाळू द्यायचा, ब्लेडनं खरवडायचा, पुन्हा थर. दोन महिने गेले.

उद्‌घाटनाला अध्यक्षांनी चित्राकडे बराच वेळ पाहिलं. बराच म्हणजे अर्धं मिनिट.

"सर, हे काय आहे?"

"चित्र आहे."

"ते दिसतंय हो. कशाचं?"

"कशाचंच नाही."

"मग त्यावर दिवा कशाला सोडलाय? बिल येतं."

खजिनदारांनी सावरून घेतलं. म्हणाले, वादळ आहे, शेतकऱ्यावरचं संकट. तिसरे संचालक म्हणाले, छे, गणपती आहे, ती बघा सोंड. झालं! गणपती म्हटल्यावर हार आला. झेंडूचा, ओला, पाणी निथळणारा. माझ्या राखाडीवरून दोन ओघळ खाली गेले ते अजून आहेत.

महिन्याभरानं पासबुक भरून घ्यायला गेलो, तर चित्राच्या ऐन मध्यावर कॅलेंडर. फ्रेमच्या वरच्या पट्टीत खिळा ठोकलेला. कॅशियरला म्हटलं, अरे, हे काय? तो म्हणाला, "सर, लोकांना तारीख लागते." यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही.

निघालो, तेवढ्यात शिपायानं हाक मारली. त्याचं स्टूल दाराशी, म्हणजे चित्राच्या बरोबर समोर. कॅलेंडर लागायच्या आधी तीन आठवडे, दिवसाचे आठ तास, तो त्याकडे बघत बसलेला. हळूच म्हणाला, "सर, राग नका मानू. डावीकडं वरती तुमची घाई झाली काय?"

मी गार. त्या कोपऱ्यावर मी आदल्या रात्री हात मारला होता. खालचा थर ओला होता, रंग मळला होता. माझ्या चित्रकार मित्रांनी ते चित्र पाहिलं होतं, खांदे थोपटले होते, पण हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाला, "बाकी ठिकाणी नजर आत जाते, तिथं थडकते."

इतकी नेमकी समीक्षा माझ्या वाट्याला परत कधी आली नाही.

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं.

तर मुद्दा असा, की आपण क्रियापद चुकीचं वापरतो. 'कळलं का' हे कोड्याला विचारावं. ओळख पटल्याशिवाय आपल्याला काही भावत नाही, हेही खरं नाही. इथं भीमपलास रागाचा दाखला देतात, सुरांना कुठं चेहरा असतो म्हणून. मी देणार नाही, तो फार झिजलाय. आपला वेशीवरचा तांदळा घ्या. नाक नाही, हात नाहीत, नुसता शेंदराचा गोळा. वर्षानुवर्षं थरावर थर. कुणी चांदीचे डोळे चिकटवले तर गोष्ट वेगळी, पण त्याआधीही आपण हात जोडतच होतो. 'हा कशासारखा दिसतो?' असं गुरवाला विचारलेलं मी ऐकलेलं नाही. निराकार चालतो, फक्त तो गॅलरीत नको!

आता चित्रकार गायतोंडे. खरं तर आजचं भाषण त्यांच्यावरच होतं, तेही इथं उरकावं लागणार. वासुदेव गायतोंडे, जन्म १९२४, नागपूर, घराणं गोव्याचं. गिरगावातल्या चाळीत वाढले, १९४८ ला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची पदविका. त्यांना 'अमूर्त' हा शब्दच पसंत नव्हता. आपल्या चित्रात वस्तूच नाही, तर अमूर्त कशाचं करणार, असा त्यांचा रोख. रोलरनं आणि सुरीनं रंग लावायचा, काढायचा, पुन्हा लावायचा. चित्रं वर्षाला जेमतेम पाच-सहा. उरलेला वेळ कोऱ्या कॅनव्हाससमोर बसणं. ते गेले २००१ मध्ये. २०१३ मध्ये मुंबईतल्या लिलावात त्यांचं १९७९ चं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं, आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. मग आपल्याकडे फोन सुरू झाले, 'सर, गायतोंडे कोण हो?' किंमत ऐकून बघायला निघालेला माणूस किंमतच बघून येतो. तरी जा. निदान दहा मिनिटं एकाच चित्रासमोर उभे राहा. पहिली दोन मिनिटं सोंड शोधण्यात जातील, जाऊ द्यात.

पात्र आहे का, याचं उत्तर 'सगळी नाही' असं आहे. हॉटेलांच्या लॉबीत सोफ्याच्या रंगाला मॅच करून लावलेलं जे असतं, ते अमूर्त असूनही फालतू असतं. तसं बेधडक म्हणा. फक्त त्या शिपायासारखं म्हणा, कुठल्या कोपऱ्यात ते दाखवून. 'आमचा बंड्याही काढेल' म्हणणाऱ्यांनी बंड्याला खरंच बसवावं. लहान मुलांचा हात सुंदर चालतो, अडचण एवढीच की थांबायचं कुठं ते त्यांना ठाऊक नसतं. वक्त्यांनाही नसतं. दुसरी चिठ्ठी आलीय.

तो डावीकडचा कोपरा दुरुस्त करायला चित्र आठ दिवस घरी न्यावं म्हणून मी पतसंस्थेत अर्ज दिलाय. अध्यक्ष म्हणाले, "न्या की सर, पण डिसेंबर संपू द्या. कॅलेंडर चालू आहे."