वाघोटणच्या खाडीतला आसरा

(दृश्य: विजयदुर्गचा धक्का, पावसाळी आभाळ, दोरावर फडफडणारा बावटा)

बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा, लागला की वाघोटणच्या खाडीत परक्या होड्या दिसायला लागतात. कुठली रत्नागिरीकडची, कुठली मालवणची, तर कुठली पार गुजरातची. नाळेवरचा, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरचा, नोंदणी क्रमांक वाचला की गाव कळतं. खलाशी उतरतात, पाणी भरतात, जाळी आवरतात आणि वारा पडायची वाट बघत बसतात.

सगळे इथेच का येतात, हे विजयदुर्ग किल्ल्याच्या बुरुजावर उभं राहिलं की समजतं. पश्चिमेला मोकळा दर्या, लाट कातळावर आपटून फुटतेय. पाठ फिरवून पूर्वेला बघा. पाणी इतकं निवांत, की वाटावं तळंच आहे. खाडीच्या मुखाशी, दक्षिण तीरावर, जांभ्याचं भूशिर समुद्रात घुसलंय. पावसाळ्यातला नैर्ऋत्येचा वारा आधी त्याच्याशी झुंजतो. आड उभ्या होडीपर्यंत पोचेतो त्याचा जोर ओसरलेला असतो.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा पट्टा साचतो. भरती नसली की तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, बाहेरच अडकतो, आणि तुफानात बाहेर अडकणं म्हणजे काय ते त्यालाच विचारा. वाघोटणच्या मुखाशी तसा पट्टा नाही. 1880 च्या रत्नागिरी गॅझेटिअरातही नोंद आहे, की या बंदरात कुठल्याही हवेत शिरता येतं.

म्हणजे आधी खाडी, मग किल्ला. आदिलशाहीतला घेरिया किल्ला शिवाजी महाराजांनी घेतला, विजयदुर्ग केला. पुढे तो मराठ्यांचे दर्यासरदार आंग्रे यांच्या आरमाराचं घर झाला.

(दृश्य: गिर्ये, ओहोटी, चिखलात खेकड्यांची बिळं)

खाडीतून थोडं आत, एका फाट्यात, मराठ्यांची गोदी आहे. मला विचाराल तर किल्ल्याआधी हीच बघावी. कातळ फोडून केलेली, साडेतीनशे फूट लांब. भरतीला गलबत आत घ्यायचं, ओहोटीला पाणी उतरलं की ते कोरडं पडायचं. मग तळ खरवडा, फळ्या बदला, डांबर लावा. यंत्र एकच, समुद्र. आता तिच्यात गाळ साचलाय.

(दृश्य: संध्याकाळ, बुरुजावरून खाडी)

12 फेब्रुवारी 1756. नानासाहेब पेशव्यांना तुळाजी आंग्रे नकोसे झाले होते आणि इंग्रज पेशव्यांच्या मदतीला आले होते. इंग्रज ॲडमिरल वॉटसनची जहाजं तोफा डागत थेट खाडीच्या तोंडात शिरली. तुळाजींचं आरमार आत, किल्ल्याच्या आडोशाला, एकमेकांना खेटून नांगरलेलं. एक गोळा त्यातल्या 'रिस्टोरेशन' जहाजावर पडला. हे जहाज आंग्र्यांनी कधीकाळी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडूनच जिंकलेलं. ते पेटलं, शेजारची गुराबं, म्हणजे मोठी लढाऊ जहाजं, पेटली. बाहेर पडायला वाट एकच, आणि तिच्यात शत्रू उभा. एका संध्याकाळीत आरमार संपलं. दुसऱ्या दिवशी किल्लाही पडला. मराठ्यांचं सगळ्यांत तगडं आरमार मराठ्यांच्याच संमतीनं जळालं, ही सल कोकणात अजून बोलून दाखवली जाते.

(दृश्य: रात्र, धक्का, होड्यांवरचे दिवे)

आज रात्री त्याच पाण्यात होड्या काठाला काठ लावून उभ्या आहेत. एकीवरून दुसरीवर पाय टाकत पार टोकापर्यंत चालत जाता येतं. मधल्या एका होडीवर स्टोव्ह पेटलाय, भात शिजतोय. बावटा अजून उतरलेला नाही.